मदत हवी आहे : जुन्या रॅले सायकलसाठी इंचाला 26 आट्यांची कटोरी

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात राहून पुण्याच्या एका कंपनीचे संगणकाचे काम घरून करतो. दिवसभर पडद्यासमोर बसल्यावर संध्याकाळी हाताला काहीतरी वेगळे काम हवे, म्हणून खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या घरून आजोबांची रॅले सायकल दुरुस्तीसाठी आणली आहे. गाडी इंग्लंडमधील नॉटिंगहॅमची, 28 इंची चाकांची आणि सळईच्या ब्रेकची आहे. मागचा हब रॉकेलच्या बोळ्याने पुसला, तेव्हा काळ्या थराखालून आधी स्टर्मी-आर्चर हे नाव, मग एडब्ल्यू ही त्यांच्या तीन गियरच्या हबची अक्षरे आणि शेवटी 53 हा आकडा वर आला. या हबवर उत्पादनाचे साल कोरलेले असते, म्हणजे हब 1953 सालचा आहे. त्यात तेल सोडून गियरची तार जुळवल्यावर तिन्ही गियर व्यवस्थित पडू लागले, याचा मला फार आनंद झाला.

अडचण आहे ती पायडलच्या ॲक्सलची. पायडलचे दांडे ॲक्सलला धरून ठेवणाऱ्या कॉटर पिना निघाल्या, ॲक्सल सुस्थितीत आहे, उलट आट्यांची उजवी कटोरीही (फ्रेममध्ये आट्यांनी बसणारी, ॲक्सलचे छर्रे जिच्यात फिरतात ती वाटी) चांगली आहे. परंतु डाव्या कटोरीत जिथून छर्रे फिरतात तिथे खड्डे पडले आहेत आणि पायडल मारताना ते स्पष्ट जाणवतात. बाजारातून आणलेली नवी कटोरी थोडी फिरून अडकते. उद्यमबागेतील एका लेथ कारागिरांनी गेज लावून पाहिले, तेव्हा उलगडा झाला : नेहमीच्या कटोरीला इंचाला 24 आटे असतात, रॅलेने मात्र 26 आटे ठेवले होते. फ्रेमला टॅप मारून 24 आटे पाडून देण्याची त्यांची तयारी आहे. पण एकदा ते आटे कापले की मूळ भाग पुन्हा कधीच बसणार नाही, त्यामुळे माझे मन त्याला तयार होत नाही.

अशी जुनी किंवा न वापरलेली डावी कटोरी बेळगाव, निपाणी, कोल्हापूर किंवा हुबळी भागात कोणाच्या दुकानात पडून आहे का? नसल्यास लेथवर नवी करून घ्यावी म्हणतो. साध्या लोखंडाची कटोरी छर्ऱ्यांखाली लवकरच खड्डे धरेल, म्हणून कोणते पोलाद घ्यावे, वरचा थर किती खोल कडक करावा आणि नंतर ग्राइंडिंग आवश्यक आहे का, हे अनुभवी व्यक्तींनी कृपया सांगावे. छर्रे पाव इंची असून एका बाजूला 11 बसतात.

दुसरा प्रश्न रंगाचा. बरेच जण पावडर कोटिंग सुचवतात. मला मात्र काळ्या रंगावरच्या बारीक सोनेरी रेषा जपायच्या आहेत. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने गंज काढताना या रेषांना धक्का लागतो का? खानापूरकडच्या पावसात गंज पुन्हा धरू नये म्हणून त्यावर मेण लावावे की पातळ तेल?

कटोरी दाखवण्यासाठी मी सुटीच्या दिवशी वर सांगितलेल्या गावांपैकी कुठेही येऊ शकतो.