कमी बजेटचे झॉम्बीपट नेमके कुठे फसतात?

तिसरी घंटा
अशा झॉम्बीपटाच्या पोस्टरवर जळतं शहर, वर हेलिकॉप्टर, खाली हजारोंचा जमाव. सिनेमात मात्र सहा माणसं, एक पत्र्याची शेड आणि पहिली वीस मिनिटं नुसता गाडीतला प्रवास. पैसे नव्हते हे मान्य. पण १९६८चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ सुमारे १,१४,००० डॉलरमध्ये झाला आणि जपानचा ‘वन कट ऑफ द डेड’ (२०१७) साधारण ३० लाख येनमध्ये. दोन्ही आजही जागचं हलू देत नाहीत. म्हणजे सगळा दोष पैशांवर ढकलता येत नाही. मग मेकअप, आवाज, प्रकाश, पटकथा यांत नेमकं काय बिघडतं? ‘पटकथा कमकुवत’ एवढ्यावर सोडू नका. वीस मिनिटांचा लघुपट करायला निघालेल्यांना कामी येईल अशा तपशिलात लिहा.

रंगपेटी
रक्तापासून सुरुवात करते, कारण पहिला विश्वास तिथेच उडतो. साखरेच्या पाकात लाल रंग घातला की कॅमेऱ्यात कोकम सरबत दिसतं: पारदर्शक आणि गुलाबी. १९६८च्या त्या सिनेमात चॉकलेट सिरप वापरून भागलं, कारण तो कृष्णधवल होता. रंगीत चित्रणात ही सवलत नाही.

केकचं सामान मिळतं त्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणा. १ कप ग्लुकोज, पाव कप कोमट पाणी, १ चमचा लाल जेल रंग, १ चमचा कोको पावडर आणि निळा रंग टाचणीच्या टोकाएवढा. कोको आधी त्याच पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या होतात. कोकोमुळे रक्त गढूळ आणि दाट दिसतं. निळा जास्त झाला तर सगळं जांभळं पडतं आणि ते परत आणता येत नाही. ज्या दिव्यात शूटिंग आहे त्याच दिव्यात, पांढऱ्या कापडावर थेंब टाकून कॅमेऱ्यातूनच रंग तपासा.

कपड्यांवरच्या रक्तात भांड्यांच्या लिक्विडचे ३-४ थेंब घाला. ते नसेल तर रक्त कापडात मुरत नाही, मण्यांसारखं ओघळून जातं. तोंडात घ्यायचं रक्त मात्र साबणाशिवाय, वेगळ्या बाटलीत, चिठ्ठी लावून. आणि तीन दिवसांपूर्वी मेलेल्या माणसाच्या अंगावर ताजं लाल रक्त कसं असेल? त्याच्यासाठी कोको दुप्पट करा, थोडी कॉफी घाला.

जखमेसाठी लिक्विड लॅटेक्स आणि टिश्यू पेपर. टिश्यूचे पदर सुटे करा, एकेक पदर लावा, ड्रायरच्या थंड हवेवर वाळवा. असे ३-४ थर झाले की मधोमध चिमट्याने फाडा आणि आत गडद रंग भरा. टिश्यूच्या कडा हाताने फाडलेल्या हव्यात. कात्रीने कापलेली सरळ कड क्लोजअपमध्ये चिकटपट्टीसारखी दिसते. लॅटेक्सची ॲलर्जी असू शकते, म्हणून २४ तास आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघाच. त्यात अमोनिया असतो, डोळ्यांजवळ नको. भुवयांवर व्हॅसलीन लावा, नाहीतर लॅटेक्स काढताना केस उपटून येतील.

सगळ्यात जास्त राहून जातं ते म्हणजे कान, मान आणि हात. चेहरा राखाडी आणि कानाच्या पाळ्या छान गुलाबी! झॉम्बी पुढे झेपावतो तेव्हा कॅमेऱ्यासमोर आधी त्याचे हात येतात, चेहरा नंतर. कपडेही तसेच, इस्त्रीचे. कोपर आणि गुडघे पॉलिश पेपरने घासा, कपडे चहाच्या उकळीत बुडवा, वाळल्यावर मुलतानी माती चोळा.

बूमवाला
वरचं सगळं जमलं तरी आवाजात सिनेमा पडतो. वाईट चित्र प्रेक्षक चालवून घेतो, वाईट आवाज नाही. कॅमेऱ्यावरच्या माइकने संवाद घेतले की माणूस जवळ आणि आवाज विहिरीतला. बूम माइक (लांब काठीच्या टोकाला लावलेला) तोंडापासून दीड-दोन फुटांवर, फ्रेमच्या जेमतेम बाहेर हवा. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांना गप्प उभं करून किमान ३० सेकंद त्या जागेची शांतता रेकॉर्ड करा. ती नसेल तर एका शॉटला रातकिडे आणि पुढच्या शॉटला एकदम सन्नाटा. संकलनात ही भोकं बुजवायला दुसरं काहीच नसतं.

गुरगुरणं नेटवरून उतरवू नका. तीसजणांच्या घशातून एकच आवाज येतो आणि कानाला ते लगेच कळतं. दहाजणांना एकेक करून घ्या, श्वास आत ओढत आवाज काढायला लावा. घसा पटकन बसतो, त्यामुळे एकेकाला दोन मिनिटांपेक्षा जास्त नको. हाड मोडल्याच्या आवाजासाठी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं गाजर मोडायचं. मांस फाडल्याच्या आवाजासाठी कोबीचा गड्डा पिळून पानं ओरबाडायची, त्याखाली कलिंगडाच्या गरात बोटं फिरवल्याचा आवाज हलका मिसळायचा. कलिंगड एकटं वापरलंत तर फक्त कलिंगड ऐकू येतं.

तिसरी घंटा
हे फारच कामाचं आहे, दोघांचेही आभार. गर्दी आणि रात्र यांचं काय करायचं?

रातकिडा
आधी रात्र. अंधार आहे म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवत नेला की काळ्या भागात मुंग्या नाचतात. दिवसा शूट करून, चित्र निळं करून रात्र भासवणार असाल तर आकाश फ्रेममध्ये अजिबात नको, सूर्य पात्रांच्या पाठीशी हवा, व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनवर (म्हणजे चित्र निळसर होतं) आणि एक्स्पोजर दीड ते दोन स्टॉप खाली (प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा). भर दुपारी हे करू नका. पायाखालची आखूड, काळी सावली लगेच चुगली करते. सूर्य मावळल्यानंतरची वीसेक मिनिटं सगळ्यात चांगली, पण त्यात दोन-तीनच शॉट होतात. ते आधी ठरवलेले हवेत.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश आत येण्याचा वेळ) १/५० सेकंद ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं. ‘२८ डेज लेटर’मध्ये (२००२) वेगवान शटरमुळे धावणारे झटक्याझटक्याने हलताना दिसतात. ट्यूबलाइट नसेल तिथे १/२००ला तसा परिणाम साधतो, पण तो हल्ल्यापुरता. अख्खा सिनेमा तसा काढला की डोकं दुखतं आणि हल्ला आला तरी वेगळं काही वाटत नाही.

गर्दीला १२ माणसं पुरतात. पुढच्या तिघांना पूर्ण मेकअप, मागच्या चौघांना फक्त चेहऱ्याचा रंग, उरलेले पाच नुसते मळक्या कपड्यांत. ८५ मिमीची लेन्स लावून लांबून घ्या, माणसांमधलं अंतर आवळलं जातं आणि गर्दी दाट दिसते. मागून एक दिवा, थोडा धूर, फ्रेमच्या दोन्ही कडांना कापलेली माणसं. पुढच्या शॉटला शर्टांची अदलाबदल. चालायला सांगताना ‘झॉम्बीसारखं चाल’ म्हणू नका, म्हटलं की सगळे हात पुढे करतात. एकाला सांगा डावा घोटा मोडलाय, दुसऱ्याला मान वळत नाही, तिसऱ्याला उजव्या डोळ्याने दिसत नाही.

शेवटची रांग
तंत्राचं पटलं, पण निराशेचं मूळ मला नियमांत दिसतं. पहिल्या अर्ध्या तासात चावलेला माणूस दहा सेकंदांत उठतो आणि नायकाचा भाऊ चावला गेल्यावर दहा मिनिटं निरोप घेत बसतो. प्रेक्षकाची ती उघड फसवणूक आहे. चावल्यावर किती वेळ, वेग किती, कशाने मरतो, आवाजावर येतो की वासावर: चार ओळी लिहून भिंतीला चिकटवा आणि प्रत्येक प्रसंग त्यावर तपासा.

दुसरं म्हणजे जागा. १९६८च्या सिनेमात एक शेतघर आहे आणि भांडण एकच: तळघरात लपायचं की वर राहून खिडक्यांना फळ्या ठोकायच्या. जागेनेच कथा चालवली. बाहेरचं सगळं जग रेडिओ आणि टीव्हीच्या बातम्यांतून कळतं, तेही फुकटात. (त्याच्या प्रतींवर प्रताधिकाराची सूचना छापायची राहून गेली, म्हणून अमेरिकेत तो सर्वांसाठी खुला झाला. कितीतरी स्वस्त भयपटांत टीव्हीवर तोच चालू दिसतो, त्याचं कारण हे.) आपल्याकडे ‘झोंबिवली’ने (२०२२) डोंबिवली निवडली आणि टॉवर आणि शेजारची वस्ती हा ताण आयताच मिळाला. उसाच्या गुऱ्हाळात, बंद सूतगिरणीत, लोकलच्या यार्डात काय काय घडू शकतं ते आधी लिहा. नुसतं ‘सुनसान घर’ घेतलं की पंचवीस मिनिटांची कल्पना ऐंशीपर्यंत ताणली जाते आणि तो गाडीतला प्रवास येतो.

रंगपेटी
एक राहिलं. संगणकावर टाकलेलं रक्त हवेतच नाहीसं होतं, मागच्या भिंतीवर डागसुद्धा पडत नाही. ते वापरायचंच असेल तर पुढच्या शॉटआधी भिंतीवर आणि शर्टावर खरं रक्त शिंपडा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे डाग जागा बदलणार नाही. झॉम्बीच्या डोळ्यांसाठीच्या पांढऱ्या कॉन्टॅक्ट लेन्स नेत्रतज्ज्ञाने मापून दिल्याशिवाय कुणाच्याही डोळ्यांत घालू नका, आणि एकाची दुसऱ्याला तर कधीच नाही. डोळ्यांभोवती लालसर तपकिरी रंग लावला आणि क्लोजअपमध्ये पापणी लवू दिली नाही की लेन्सची आठवणही येत नाही.