मदत हवी आहे: वजन उतरतंय, पण सोबत स्नायूही जातायत का?

६ आठवड्यांत वजन ८६ वरून ८० किलोवर आलंय. घरचा बॉडी फॅट दाखवणारा काटा म्हणतो, त्यातले २.४ किलो स्नायूंचे. आहार रोज १३०० कॅलरी, प्रथिनं ६० ग्रॅमच्या आसपास. व्यायाम म्हणजे तासभर भरभर चालणं, बस. मूत्रपिंडाचा किंवा दुसरा काही आजार नाही. काट्यावर किती विश्वास ठेवू? आणि आता नेमकं काय बदलू?

प्रतिसाद १:
तो आकडा जसाच्या तसा धरू नका. हा काटा अंगातून बारीकसा वीजप्रवाह सोडतो आणि पाण्यावरून अंदाज बांधतो. खाणं कमी झालं की ग्लायकोजेन (स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर) घटतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी जातं. काटा ते स्नायूंच्या खात्यात टाकतो.

पण काळजी रास्त आहे. आठवड्याला किलोभर हा वेग जास्त आहे; ८० किलोला ४०० ते ८०० ग्रॅम पुरे, तुम्ही ५०० च्या आसपास राहा. त्यासाठी रोजची तूट (खर्चापेक्षा कमी खाणं) साधारण ५०० कॅलरींची ठेवा. प्रथिनं किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे १३० च्या घरात. ती चार वेळच्या खाण्यात वाटली की जड जात नाहीत.

खरी उणीव मात्र वजनाच्या व्यायामाची आहे. स्नायूंवर ताण नसेल तर नुसती प्रथिनं ते पुरेसे टिकवत नाहीत. आठवड्यातून ३ दिवस स्क्वॉट (उठाबशा), डेडलिफ्ट (कमरेतून वाकून वजन उचलणं), रोइंग (वाकून वजन पोटाकडे ओढणं), पुश-अप; प्रत्येकी ३ सेट (फेऱ्या), दर सेटला ८ ते १२ रेप्स (आवर्तनं). सेट संपताना अजून दोनच रेप्स निघतील इतकं वजन हवं.

मूळ प्रश्नकर्ता:
घरी १० किलोच्या डंबेल्सची एकच जोडी आहे. चालेल?

प्रतिसाद २:
सुरुवातीला चालेल. पायांना ते लवकरच हलकं पडेल, तेव्हा मागचा पाय खुर्चीवर ठेवून एका पायाचे स्क्वॉट करा, खाली जाताना ३ सेकंद घ्या. रेप्स २५ वर गेले तरी हरकत नाही, शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत.

इथे एक चूक हमखास होते: तुटीत थकवा आला की लोक वजन हलकं करतात. उलट करा. वजन तेच ठेवा, ३ ऐवजी २ सेट करा. आणि वहीत रेप्स लिहाच. कंबर बेंबीपाशी सकाळी उपाशीपोटी मोजा. कंबर घटतेय आणि रेप्स टिकून आहेत, तर स्नायू जागेवर आहेत. सलग दोन आठवडे सगळ्याच व्यायामांत रेप्स घसरले तर आधी झोप तपासा, मग रोज २०० कॅलरी वाढवा.