आईच्या तोंडातली गाठ, परत बायोप्सी कशाला? मदत हवी आहे

मीनल_सांगली: आईच्या तोंडात गाठ आहे, सुई घालून तपासलं तर प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा आलंय म्हणजे लाळग्रंथीची साधी, कॅन्सर नसलेली गाठ, तरी सर्जन म्हणतात एमआरआय करा आणि तुकडा काढून परत बायोप्सी. सरळ काढून का टाकत नाहीत? सोमवारी कळवायचंय, प्लीज लवकर सांगा.

रानवारा: तोंडात कुठे? कधीपासून? वय? मिश्री, तंबाखू?

मीनल_सांगली: टाळूला, उजवीकडे मागे. ६१. व्यसन काहीच नाही. वर्ष तरी झालं, कवळी टोचते म्हणून आधी कवळीच घासून आणत होतो.

भटक्या: माझ्या मामांना कानाखाली हीच गाठ होती, काढली, आठवड्यात दुकानात बसले. उगाच टेस्ट वाढवतात ताई.

जबडेदुरुस्ती: मी ओरल सर्जन आहे. मामांची पॅरोटिडची, म्हणजे कानाजवळच्या मोठ्या लाळग्रंथीची, तिथल्या बहुतेक साध्याच निघतात. टाळूच्या बारक्या लाळग्रंथींतल्या साधारण निम्म्या कॅन्सरच्या असतात, दोन्ही एका मापाने मोजू नका. मीनल, त्या बाजूला बधिर वाटतं का?

मीनल_सांगली: दुखत नाही. पण त्या बाजूने चहा गरम आहे की गार ते कळत नाही म्हणते. कवळीमुळेच ना?

आजीचाबटवा: हळद-तूप लावा, गाठी विरघळतात.

रानवारा: इथे नको हो काका, त्याने गाठ विरघळत नाही, नुसते महिने जातात लोकांचे.

जबडेदुरुस्ती: मीनल, कवळीवर ढकलू नका, हे सर्जनना आजच फोन करून सांगा. अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा लाळग्रंथींचा कॅन्सर संवेदना नेणाऱ्या नसेच्या कडेने सरकत जातो, म्हणून बधिरपणाचं विचारलं, आणि सुईतल्या थोड्याशा पेशींवरून तो साध्या गाठीसारखा वाचला जाऊ शकतो. म्हणून तुकडा, आणि शक्यतो एमआरआय आधी, नाहीतर बायोप्सीची सूज फोटोत घोळ घालते. साधी निघाली तरी नुसती सोलून काढली तर परत उगवते, कडेचा भाग घेऊनच काढावी लागते. दुसरं काही निघालं तर हाडासकट ऑपरेशन, बहुतेकदा पुढे रेडिएशन. टाळूला भोक राहिलं तर ते झाकायला कवळीसारखी प्लेट मिळते, जेवता-बोलता येतं.

भटक्या: घाबरवताय त्यांना.

जबडेदुरुस्ती: एकदा अर्धवट काढली की दुसरं ऑपरेशन फार अवघड जातं, म्हणून आत्ताच सांगतोय.

सह्याद्री_वारी: टाटाला गेलात तर दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, पेशंटसोबत राहता येतं.

मीनल_सांगली: अजून टाटाचं ठरलं नाहीये! सुईच्या स्लाइड्स लॅबमधून मागून घेऊ का?

जबडेदुरुस्ती: हो. आणि बायोप्सी झाली की ब्लॉकपण, म्हणजे मेणात जपून ठेवलेला तुकडा, दुसरीकडे दाखवायला लागतात.