सुट्टीच्या दिवसाची आणि ऑफिसातल्या कार्यक्रमांची हजेरी कशी लावता?

मस्टरवाली
साठेक माणसांचं ऑफिस. दारावर बोटाचं मशीन, बाकी सगळं एक्सेलवर. महिनाअखेरीस मशीनमधून फाईल काढून मस्टर भरायचं काम माझ्या गळ्यात आहे. रोजचं जमतं, घोळ होतो तो सुट्टीला. मशीनला सुट्टी कळत नाही, ते सरसकट सगळ्यांना गैरहजर दाखवतं. मग मी हाताने खालपर्यंत 'सु' ओढत नेते. गेल्या महिन्यात नेमके त्या दिवशी चौघे जण सर्व्हर हलवायला आले होते. त्यांचं पंचिंग माझ्या 'सु'खाली गाडलं गेलं, जादा पैसे बुडाले आणि बोलणी मी खाल्ली.

दुसरी भानगड वर्धापनदिनाची. दुपारपर्यंत काम, नंतर कार्यक्रम. साहेबांना कार्यक्रमाचीही हजेरी हवी आहे. 'का' असा नवा कोड काढू का? सॉफ्टवेअर घ्यायला वरून नकार आहे, त्यामुळे 'अमुक ॲप घ्या' सोडून काहीही सुचवा.

पगारपत्रक
एकाच रकान्यात तुम्ही दोन प्रश्नांची उत्तरं कोंबताय. तो दिवस कसला होता, हा एक प्रश्न. माणसाने त्या दिवशी काय केलं, हा दुसरा. 'सु' हे पहिल्याचं उत्तर आहे, ते माणसाच्या नावासमोर येताच कामा नये.

एक वेगळी शीट करा. त्यात वर्षभराच्या तारखा आणि समोर दिवसाचा प्रकार: कामाचा, आठवडी, सुट्टी. हे वर्षारंभी एकदाच भरायचं. मशीनची फाईल आणखी एका शीटवर जशीच्या तशी चिकटवा आणि तिला अजिबात हात लावू नका. तिसऱ्या शीटवर सूत्राने दोन्हींची गाठ घाला. सुट्टी आहे आणि पंच नाही, तर पगारी सुट्टी. सुट्टी आहे आणि पंच आहे, तर सुट्टीतलं काम. कामाचा दिवस आहे, पंच नाही आणि रजाही नाही, तर गैरहजर. हाताने भरायची ती फक्त रजा.

महिन्याचे कामाचे दिवस बोटांवर मोजत असाल तर तेही सोडा. कामाचे दिवस मोजणारं एक्सेलमधलं 'नेटवर्कडेज' (NETWORKDAYS) हे सूत्र शनिवार-रविवार सुट्टी धरून चालतं, पण 'नेटवर्कडेज डॉट इंटल'मध्ये (NETWORKDAYS.INTL) आठवडी सुट्टी आपण ठरवायची. सात आकड्यांची ओळ द्यायची, सुरुवात सोमवारपासून, १ म्हणजे सुट्टी. म्हणजे फक्त रविवार बंद असेल तर '०००००१', त्याला पुढे आणखी एक शून्य लावून सात करा. शेवटी सुट्ट्यांची यादी जोडायची. सुट्टी आठवडी सुट्टीवरच पडली तर ती दोनदा वजा होत नाही.

पाटीपेन्सिल
@पगारपत्रक, शून्य पुढे की मागे? '००००००१' ना? सहा शून्यं आणि एक.

पगारपत्रक
बरोबर, सहा शून्यं, मग १. घाईत लिहिलं. मोजून टाका, एक आकडा कमी पडला तर सूत्र उत्तराऐवजी एरर दाखवतं.

रात्रपाळी
तुमच्याकडे कुणी रात्री असतं का? नसेल तर पुढे जा. आमच्याकडे १० ते ६ ची पाळी आहे. सुट्टीच्या आदल्या रात्री आलेला माणूस दोन तास साध्या दिवशी काम करतो आणि सहा तास सुट्टीच्या. काही ठिकाणी पाळी ज्या तारखेला सुरू झाली ती तारीख धरतात, काही ठिकाणी मध्यरात्रीला तास तोडतात. तुमच्याकडच्या कायद्यात जे बसेल ते घ्या, पण लिहून ठेवा आणि वर्षभर तेच चालवा. आमच्याकडे दर सुट्टीला नवा वाद होता, कारण ज्याला जे फायद्याचं ते तो मागायचा. त्याला तरी काय बोलणार!

मस्टरवाली
रात्रपाळी नाही, सुटले. पण एकाने बुध-गुरू-शुक्र रजा घेतली आणि गुरुवारी सुट्टी होती. रजा किती कापायची?

पगारपत्रक
दोन, माझ्या मते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा पगारी रजांवरचा १९७० चा करार (क्रमांक १३२) हेच सांगतो: सार्वजनिक सुट्टी किमान वार्षिक रजेत मोजायची नाही, मग ती रजेच्या मध्ये आली तरी. हा करार सगळ्या देशांनी स्वीकारलेला नाही, म्हणून तुमचा स्थानिक कायदा आणि रजेचे नियम बघा. दिवसाची शीट वेगळी असेल तर हे सूत्रातच सुटतं.

निवांत_जीव
मूळ धाग्यातला 'का' राहिलाच की. का म्हणजे खरंच का? कार्यक्रमाला हजेरी कशासाठी? :))

पगारपत्रक
नवा कोड नकोच. कार्यक्रम कामाच्या वेळेत असेल तर आलेला प्रत्येक जण हजर. हॉलमध्ये न जाता टेबलावर काम करत बसला तोही हजर. कामाच्या वेळेनंतर आहे आणि येणं सक्तीचं आहे, तर तो वेळ कामाचाच धरा. ऐच्छिक असेल तर मस्टरशी त्याचा संबंध नाही. एकदा का ती नोंद मस्टरमध्ये गेली की वर्षाअखेर कुणीतरी ती मूल्यमापनात काढतोच. घरी लहान मूल असलेले, न बोलणारे, गर्दी नकोशी वाटणारे, सगळे त्यात भरडले जातात.

पाटीपेन्सिल
आम्ही दारावर क्यूआर कोड लावला होता. अर्ध्या तासात त्याचा फोटो ग्रुपवर. घरी झोपलेले तिघे 'उपस्थित'.

रात्रपाळी
एक यादी मात्र हवी. कार्यक्रम बाहेरच्या हॉलमध्ये असेल आणि आग वगैरे लागली तर आत कोण होतं ते कळायला. कागदावर सह्या घ्या, सगळे बाहेर पडले की फाडून टाका.

मस्टरवाली
साहेबांना विचारलं. त्यांना पुढच्या वर्षी खुर्च्या किती मागवायच्या ते हवं होतं! दारात एकाला मोजायला उभं करणार आहे, नावं नाहीत.

दिवसाची शीट आज केली, गेल्या महिन्याचे ते चौघे लगेच वेगळे दिसले. त्या महिन्याचं मस्टर आता दुरुस्त करू का?

पगारपत्रक
पगार निघालेला महिना उघडू नका. चालू महिन्यात चौघांच्या नावावर 'मागील फरक' अशी ओळ टाका, शेजारी सुट्टीची तारीख आणि तास. आणि पगार व्हायच्या आधी त्यांना तो आकडा दाखवा.