जहाजावरच्या सामानवाहू ड्रोनला विजेचा कॅटापल्ट लावावा का?

ऐरोलीकर: अमेरिकन नौदलाच्या म्हणण्यानुसार त्यांच्या जहाजांवर हेलिकॉप्टरने वगैरे जे तातडीचं सामान जातं त्यातलं 90 टक्के 50 पाउंडांच्या आतलं असतं, म्हणजे 23 किलोसुद्धा नाही. आपल्याकडे न्हावाच्या सप्लाय बेसवरून बॉम्बे हायच्या समुद्रातल्या तेलविहिरींच्या रिगवर बोटी जातात, अंतर साधारण 160 किमी, मधेच एखादा छोटा पार्ट लागला की खोळंबा. मला ठाम वाटतं की सप्लाय बोटीवर 10 मीटरचा इलेक्ट्रोमॅग्नेटिक लाँचर, म्हणजे विजेच्या जोरावर ड्रोन फेकणारा कॅटापल्ट, बसवून पंखवाले ड्रोन सोडावेत. 100 किलोचं ड्रोन 30 मीटर प्रति सेकंद वेगाने सोडायला लागतात 45 किलोज्यूल, घरचा पंखा दहा मिनिटांत तेवढी वीज खातो.

उरणचा फिटर: हो, पण ती पाऊण सेकंदाच्या आत द्यायचीय, म्हणजे 65 किलोवॅटच्या वर! मग वीज साठवून एकदम सोडणारे कपॅसिटर आले, इन्व्हर्टर आला, आणि सगळं खाऱ्या हवेत. जेट्टीवरच्या पॅनलचे टर्मिनल एका पावसाळ्यात हिरवे पडतात हो. असाच विजेचा कॅटापल्ट असलेल्या अमेरिकेच्या फोर्ड या विमानवाहू जहाजावर 2020 च्या सुमारास सरासरी 181 लाँचमागे एक मोठा बिघाड होत होता, टार्गेट होतं 4,166. स्कॅनईगल हे टेहळणीचं ड्रोन दाबलेल्या हवेच्या लाँचरवरून किती वर्षं सुटतंय, तेच घ्या की.

ऐरोलीकर: फोर्डवर लढाऊ विमानं फेकतात दादा, तो पसाराच वेगळा. स्कॅनईगलचं वजन दर वेळी जवळपास तेच, सामानाचं तसं नाही, आज 5 किलो उद्या 20. हवेच्या लाँचरला झटका सुरुवातीला जास्त आणि पुढे जोर कमी, विजेच्या लाँचरमधल्या लिनिअर मोटरमध्ये (गोल न फिरता सरळ रेषेत ढकलणारी मोटर) करंट बदलून पूर्ण ट्रॅकभर सारखा जोर देता येतो. आत नाजूक इलेक्ट्रॉनिक्स असेल तर हे फार महत्त्वाचं आहे.

खारघर_सेक्टर१२: उडवाल, पण उतरवणार कुठे? रिगवर फक्त हेलिडेक, म्हणजे हेलिकॉप्टर उतरायची जागा. 2021 मध्ये फोर्डवरच सामान पोचवायची ट्रायल झाली ते ड्रोन उभंच उडणारं, उभंच उतरणारं होतं. उतरायला वरचे रोटर लागणारच असतील तर त्यांनीच उडू दे ना, लाँचरचा खर्च कशाला?

ऐरोलीकर: उतरायचंच नाही. रवांडात झिपलाइन ही ड्रोन कंपनी 2016 पासून रक्ताच्या पिशव्या पॅराशूटने टाकतं, ड्रोन कॅटापल्टने सुटतं आणि परत आलं की तारेत पकडतात. रोटरचं वजन वाचतं, तेवढं सामान जास्त.

उरणचा फिटर: रवांडात खाली जमीन आहे. रिगवर क्रेन, डेरिक (ड्रिलिंगचा उंच मनोरा), पेटता फ्लेअर (जादा गॅस जाळायची ज्योत), त्यात जुलैचा वारा. पेटी डेकवर पडली नाही तर समुद्रात गेली, आणि त्या दिवशी तो पार्ट एकच असतो. आधी रिगवर पेटी धरायची जाळी कशी बसवणार ते सांगा, लाँचरचं मग बघू.