सातारा आणि वाई: अडीच दिवसांची विभागणी कशी करावी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर शुक्रवारी दुपारी सांगलीहून आई-बाबांना घेऊन साताऱ्याला निघतोय, रविवारी रात्री परत. गाडी स्वतःची आहे. बाबांना इतिहासाची मनापासून ओढ. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक जिथे झाला ते शहर त्यांना घाईत उरकायचं नाही. अजिंक्यतारा, संग्रहालय, राजवाड्याचा परिसर आणि संध्याकाळी संगम माहुली हे नक्की. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरची ती देवळं मला स्वतःलाही निवांत बघायची आहेत.

आईचं मन मात्र वाईत. ढोल्या गणपती, मग मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे सज्जनगड यावेळी नाही. लिंबची बारामोटेची विहीर वाटेतच येते, ती सोडवत नाही. पण तिच्या पायऱ्या आईला झेपतील का?

खरा पेच मुक्कामाचा. दोन्ही रात्री साताऱ्यात राहून शनिवारी वाई करून यावं, की दुसरी रात्र वाईत काढावी? सामान पुन्हा बांधणं आईला नको वाटतं, पण सकाळी लवकर, गर्दीआधी घाटावर बसायला मिळालं तर तिला फार आवडेल.

आणि रविवारी परतताना रहिमतपूरमार्गे औंधचं भवानी संग्रहालय घाईघाईत होईल का? राजा रविवर्म्याची मूळ चित्रं बाबांना दाखवायचीच आहेत. तिथे किती वेळ हाताशी ठेवावा? वाईत ज्येष्ठांना सोयीची, तळमजल्यावर खोली मिळेल अशी जागा माहीत असेल तर तेही कळवा.