एकाच प्लॉटचे दोन रिपोर्ट : एक क्लीन, दुसऱ्यात सीसीसी (क्लोरमेक्वाट). असं कसं?

द्राक्ष_निफाड
थॉमसन द्राक्षाचा प्लॉट, दोन्ही नमुने एकाच दिवशी काढलेले. एका लॅबचा मल्टिरेसिड्यू (एकाच चाचणीत अनेक औषधांचे अंश) रिपोर्ट सगळीकडे 'बीएलक्यू', म्हणजे मोजता येण्याच्या मर्यादेखाली. दुसरीने क्लोरमेक्वाट ०.१२ मिग्रॅ/किलो दाखवलंय. लिहोसिन (क्लोरमेक्वाटचंच, वेलीची वाढ रोखणारं औषध) फक्त एप्रिल छाटणीनंतर मारलं होतं. माल युरोपला जायचाय. कोणाचं खरं धरायचं?

केमिस्ट_पुणे
दोन्ही खरे असू शकतात. पहिल्या रिपोर्टला जोडलेली घटकांची यादी काढा, क्लोरमेक्वाट त्यात बहुधा नसेलच. मल्टिरेसिड्यूत १० ग्रॅम लगद्यात १० मिली इथाइल अ‍ॅसिटेट किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल घालून हलवतात, क्षार टाकून थर वेगळे करतात, वरचा थर पीएसए नावाच्या, नको ते घटक शोषणाऱ्या पावडरने साफ करून मशीनवर लावतात. क्लोरमेक्वाट विद्युतभारित असल्यामुळे पाण्याच्या थरातच राहतं, मशीनपर्यंत येतच नाही. त्याला आम्लयुक्त मिथेनॉलने वेगळं काढून एलसी-एमएस/एमएसवर (द्रवातले घटक वेगळे करून वजनावरून ओळखणारं मशीन) वेगळ्या कॉलममधून चालवावं लागतं. तपासलंच नाही ते 'नाही' असं कुणी म्हणू नये.

एप्रिलचं सीसीसी काडीत साठतं आणि पुढच्या फळात उतरतं. २०१० मध्ये युरोपात आपली द्राक्षं अडकली ती यावरच.

तासगाव_बाग
मँकोझेब या बुरशीनाशकाचंही तसंच ना, वेगळी चाचणी लागते?

केमिस्ट_पुणे
हो. मँकोझेब, मेटिराम, प्रोपिनेब सॉल्व्हेंटमध्ये नीट विरघळत नाहीत. स्टॅनस क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लात तापवून त्यांचा कार्बन डायसल्फाइड करतात आणि तो जीसीवर (वायुरूपात घटक वेगळे करणारं मशीन) मोजतात. कोणतं औषध होतं ते यातून कळत नाही, सगळ्यांचा मिळून आकडा येतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे आधी मिक्सरला लावलेला लगदाच वापरणं. रसात ही औषधं भराभर मोडतात आणि आकडा खोटा कमी येतो. घड सुरीने कापून तुकडे लगेच वजन करून बाटलीत गेले पाहिजेत.

सॅम्पलिंग_नाशिक
नमुन्याकडेही बघा. लॅबला किमान २ किलो आणि किमान ५ घड हवेत, तेही पूर्ण प्लॉटभर फिरून, बांधालगतचे सोडून, वेलीच्या दोन्ही बाजूंचे. धुवायचे नाहीत. फवारणीचे हातमोजे घालून तर हात लावूच नका. आणि निर्यातीच्या द्राक्षांची नोंद ठेवणाऱ्या ग्रेपनेट प्रणालीसाठीचा नमुना लॅबचा माणूसच काढतो, आपण नेऊन दिलेला चालत नाही.

द्राक्ष_निफाड
०.१२ मध्ये मशीनचा फरक धरून काही सूट?

केमिस्ट_पुणे
युरोपातले तपासनीस ५० टक्के अनिश्चितता वजा करतात. निम्मं काढलं तरी ०.०६ उरतं, तेही युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्तच. या प्लॉटचा माल युरोपला लोड करू नका. शंकाच असेल तर दुसऱ्या लॅबकडे तीन गोष्टी मागा : क्लोरमेक्वाटचा एलओक्यू, म्हणजे खात्रीने मोजता येणारं किमान प्रमाण (०.०१ किंवा कमी हवा), त्याच बॅचची रिकव्हरी, म्हणजे मुद्दाम घातलेल्या औषधापैकी परत किती मिळालं ते (७० ते १२० टक्के) आणि उणे २० अंशांवर ठेवलेल्या राखीव नमुन्याची फेरतपासणी.